बी.एस्सी. झालं, आता एक वर्ष: आरोग्य आणि संशोधन क्षेत्रात पहिलं काम कसं मिळवायचं

अंतिम वर्षाचा निकाल लागतो आणि एम.एस्सी.च्या यादीत नाव नसतं. किंवा नाव असतं, पण मिळालेलं कॉलेज मनासारखं नसतं. कुणाला जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) परत द्यायची असते, कुणी परदेशी विद्यापीठांच्या अर्जाला लागलेलं असतं. आणि बऱ्याच जणांना खरोखर संशोधन आवडतं की बारावीला मेडिकल हुकलं म्हणून आपण इथवर वाहत आलो, हेच अजून उमगलेलं नसतं. घरात मात्र एकच प्रश्न: "म्हणजे वर्ष वाया घालवणार का?"

ते वर्ष वाया जाऊ द्यायचं नसेल तर काय काय करता येतं, हे इथं क्रमाने सांगतो. डोळ्यासमोर आहेत मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्री, झूलॉजीचे पदवीधर आणि बी.फार्म.वाले. मानसशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांनाही यात जागा आहे, ती कुठे ते पुढे येईलच. उदाहरणं जास्त करून पुण्या-मुंबईची आहेत, कारण जागा तिथं जास्त निघतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संस्थेच्या नावाला भुलू नका. या वर्षात रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुमच्या हातात काय असणार आणि तुम्हाला शिकवायला शेजारी कोण बसणार, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. मोठ्या संस्थेत वर्षभर नुसती काचेची भांडी धुणारे असतात, आणि छोट्याशा हॉस्पिटलच्या संशोधन विभागात सहा महिन्यांत अख्खा अभ्यास सांभाळायला शिकलेलेही असतात.

१. आधी कॅलेंडर, मग अर्ज

पुढच्या वर्षी कोणती परीक्षा द्यायची आहे ते कागदावर लिहा. जॅम आणि गेट या प्रवेश परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास होतात, त्यांचे अर्ज मात्र त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात. टीआयएफआर आणि एनसीबीएस या संशोधन संस्थांची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात असते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदतही डिसेंबरच्या आसपास संपते, आणि तिथं तीन शिफारसपत्रं लागतात. म्हणजे ऑगस्टमध्ये कामाला लागलात तर नोव्हेंबरपर्यंत तुमचे साहेब तुम्हाला नीट ओळखायला हवेत, तरच त्यांच्या पत्राला वजन येईल.

परीक्षा द्यायची असेल तर लॅबचं किंवा ऑफिसमधलं काम बरं. शास्त्रज्ञ स्वतः त्याच वाटेने आलेले असतात, परीक्षेआधी आठ-पंधरा दिवस सोडतात. क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे पेशंटवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीचं, तसं नाही. पेशंटची भेट ठरलेल्या तारखेच्या आगेमागे दोन-तीन दिवसांतच व्हावी लागते, तुमची परीक्षा असो वा सख्ख्या भावाचं लग्न.

२. कामं कोणती असतात

लॅबमधलं काम. सरकारी पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पांत ठरावीक पदं असतात, आणि कोणतं पद आपलं हे माहीत नसल्यामुळे पोरं नको तिथं अर्ज करत बसतात. साधी बी.एस्सी. असेल तर तुमचं पद 'प्रोजेक्ट असिस्टंट'. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या २०२०च्या आदेशात त्याला महिना २०,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता धरला आहे. 'प्रोजेक्ट असोसिएट-१'ला एम.एस्सी. किंवा बी.टेक. लागतं. जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीचे) महिना ३७,००० रुपये (जानेवारी २०२३पासून) ऐकून तोंडाला पाणी सुटतं खरं, पण त्याला पदव्युत्तर पदवी आणि नेटसारखी राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) संस्थांत नावं वेगळी आहेत: 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' एक, दोन, तीन. तिसऱ्या पायरीला पदवीधर चालतो, पण पदवीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. नवख्याने खालच्या दोन पायऱ्यांच्या अटी वाचाव्यात. तिथं कधी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) मागतात, कधी पदवीवर भागतं.

जागा कुठे निघतात? पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (पेशीविज्ञान), पाषाणला आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन) आणि एनसीएल (रसायनशास्त्र), शिवाय एनआयव्ही (विषाणू) आणि आघारकर संशोधन संस्था. मुंबईत परळचं प्रजनन व बाल आरोग्य संशोधनाचं आयसीएमआर केंद्र, केईएमच्या आवारातली रक्तविकारांवरची संस्था आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज. गोव्यात समुद्रात रस असेल तर दोना पावलाची एनआयओ.

काम कसं असतं? पहिले काही आठवडे बफर बनवा, मीडिया ओता, ऑटोक्लेव्ह लावा, टिपचे डबे भरा. मग हळूहळू पीसीआर, जेल, पेशींचं कल्चर. पेशींना रविवार कळत नाही, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही लॅबला चक्कर होतेच. आणि जे कुणी आधी सांगत नाही ते: निम्मं काम खरेदीचं असतं. तीन कोटेशन मागवा, सरकारी जेम पोर्टलवर शोधा, स्टॉक रजिस्टरात नोंद करा, बिल अकाउंट्सला पोचवा. कंटाळा येतो, पण संशोधन कसं चालतं ते तिथंच कळतं.

हॉस्पिटलमधलं काम. इथलं मुख्य पद म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, सगळे 'सीआरसी' म्हणतात. पगार कधी हॉस्पिटलचा संशोधन विभाग देतो, कधी एसएमओ, म्हणजे हॉस्पिटलांना ट्रायलसाठी माणसं पुरवणारी कंपनी. डॉक्टरसाहेब प्रमुख संशोधक असतात, पण ओपीडीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे ट्रायल प्रत्यक्षात सीआरसीच्या खांद्यावर चालते. ओपीडीच्या यादीतून अभ्यासाच्या निकषांत बसणारे पेशंट शोधायचे, संमतीची सगळी तयारी करायची, भेटींच्या तारखा सांभाळायच्या, रक्ताचे नमुने वेळेत सेंट्रिफ्यूज करून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे, ड्राय आइसमध्ये घालून कुरिअरला द्यायचे, केस रिपोर्ट फॉर्म (अभ्यासासाठी पेशंटची माहिती नोंदवायचे तक्ते) भरायचे, औषधाच्या गोळ्या मोजून घ्यायच्या, नैतिकता समितीला कागद पाठवायचे. या जागांसाठी बी.फार्म., फार्म.डी., बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांशी स्पर्धा असते, पण बी.एस्सी.वाले घेत नाहीत असं नाही.

पुढे डॉक्टर व्हायचं असो, सार्वजनिक आरोग्यात जायचं असो की औषध कंपनीत, पेशंटच्या इतक्या जवळ नेणारं काम पदवीधराला दुसरं सहसा मिळत नाही. माझं मत विचाराल तर ज्याला नक्की काय करायचंय ते ठरलेलं नाही, त्याने हेच आधी करून बघावं.

गावातलं आणि वस्तीतलं काम. मानसशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्रवाल्यांची जागा मुख्यतः इथं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं शिरूर-हवेली भागात वढूला मोठं क्षेत्रकार्य आहे, आणि पुण्याजवळच्या गावांत १९९३ साली सुरू झालेला गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास तर जगभर गाजला. मुंबईत स्नेहा ही संस्था धारावीसारख्या वस्त्यांत माता-बालकांच्या आरोग्यावर काम करते. गोव्यातली संगाथ ही संस्था १९९६पासून मानसिक आरोग्यात आहे. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशन करवलं तर गुण येतो का, याच्या चाचण्या त्यांनी घेतल्या. गडचिरोलीच्या सर्च या संस्थेत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून त्याचा परिणाम मोजला गेला. तो अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पुढे तीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. सर्चचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६पासून चालू आहे, त्याची निवड प्रक्रिया वेगळी असते, त्यांच्या संकेतस्थळावर बघावी.

या कामाला पद असतं 'फील्ड इन्व्हेस्टिगेटर' किंवा 'रिसर्च असिस्टंट'. टॅब्लेटवर कोबो किंवा तसल्याच अ‍ॅपमध्ये प्रश्नावली भरायची, बाळाच्या दंडाचा घेर मोजायचा, वजनकाटा रोज सकाळी तपासायचा. दुचाकी चालवता येते का, हा मुलाखतीतला खरा प्रश्न असतो. आशाताई, अंगणवाडी ताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांच्याशी पटलं तर महिन्याचं काम आठवड्यात होतं, नाही पटलं तर गावात कुणी दार उघडत नाही.

ऑफिसमधलं काम. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्सच्या जागा पुण्या-मुंबईत भरपूर असतात. बी.फार्म.ला पहिली पसंती. काम स्क्रीनसमोरचं आणि घड्याळाशी बांधलेलं, कारण गंभीर, अनपेक्षित दुष्परिणामाची नोंद १५ दिवसांत औषध नियंत्रकांकडे जावी लागते. मेडिकल कोडिंगमध्ये अमेरिकी हॉस्पिटलांच्या नोंदी वाचून विम्यासाठी संकेतांक द्यायचे असतात. गुंतागुंत नसलेल्या टाइप २ मधुमेहाला ई११.९, असं. मेडिकल स्क्राइबिंगमध्ये तिकडच्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून नोंदी टाइप करतात, आणि तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. पगार वेळेवर होतो, इंग्रजी सुधारतं. पण पीएच.डी.च्या वाटेवर जायचं असेल तर याचा उपयोग मर्यादित.

३. जागा शोधायच्या कशा

नोकरीच्या मोठ्या संकेतस्थळांवर या जागा कमीच दिसतात. संस्थांच्या स्वतःच्या पानावर, 'रिक्रूटमेंट' किंवा 'व्हेकन्सी'खाली पीडीएफ येते, आठ-दहा दिवसांत मुदत संपते, आणि त्यात ईमेल किंवा वॉक-इनची (थेट मुलाखतीची) तारीख असते. सात-आठ संस्थांची पानं ब्राउझरमध्ये ठेवा आणि दर सोमवारी सकाळी एक फेरी मारा. जीवशास्त्रासाठी इंडियाबायोसायन्सचं संकेतस्थळही उपयोगी. लिंक्डइन हॉस्पिटल आणि औषध कंपन्यांच्या जागांसाठी बघायचं.

हॉस्पिटलच्या कामासाठी एक युक्ती फार कमी जण वापरतात. भारतात होणारी प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली, २००९पासून नोंदणी सक्तीची झाली. ती कुणालाही फुकट बघता येते. त्यात आपल्या शहराचं नाव टाकून शोधा. कोणत्या हॉस्पिटलात, कोणत्या आजारावर, कोणत्या डॉक्टरांकडे ट्रायल चालू आहे आणि पेशंट घेणं सुरू व्हायचंय की संपत आलंय, हे सगळं दिसतं. एकाच डॉक्टरांच्या नावावर चार-पाच अभ्यास दिसले तर तिथं सीआरसीची गरज असणारच. मग त्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात जाऊन बायोडेटा द्या. थेट डॉक्टरांच्या ओपीडीत घुसू नका, तिथं बाहेर पंचवीस पेशंट ताटकळत असतात.

जाहिरात वाचताना चार गोष्टी बघा: वयाची अट कोणत्या तारखेला मोजतात, निकालाची वाट बघणारे चालतात का, पगार घरभाड्यासकट आहे की वेगळा, आणि प्रकल्पाचे किती महिने उरलेत. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे चारच महिने शिल्लक असतील तर तिथं शिकवायला कुणाला वेळ नसतो, सगळे अहवाल लिहिण्यात गुंतलेले असतात.

४. शास्त्रज्ञांना ईमेल

जाहिरात नसतानाही लिहिता येतं, आणि अनेकांना काम असंच मिळतं. पण 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अ‍ॅम हायली इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब' हे चाळीस जणांना एकदम पाठवलेलं पत्र वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच ओळखू येतं. ते जातं थेट कचऱ्यात.

पत्र इंग्रजीत, पण छोटं. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध खरोखर वाचा, निदान सारांश आणि आकृत्या. त्यातलं काय कळलं आणि काय कळलं नाही, ते दोन वाक्यांत लिहा. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हाताने काय केलंत ते एका वाक्यात. कधीपासून किती महिने येऊ शकता, आणि पगाराशिवाय येणं परवडतं का, हे स्पष्ट. बायोडेटा एक पानाचा, पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं नाव. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या.

५. मुलाखत

वॉक-इनला वेळेआधी पोचा. साडेदहापर्यंत नाव नोंदवायचं म्हणजे साडेदहाच, पुण्याची वाहतूक हे कारण चालत नाही. पिशवीत असू द्या: दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा विद्यापीठाचं प्रोव्हिजनल, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार, चार फोटो, सगळ्याच्या स्वतः सही केलेल्या प्रती. आणि डबा. दुपारी तीनपर्यंत नंबर लागत नाही असं सर्रास होतं.

लॅबच्या मुलाखतीत मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा साधी गणितं विचारतात, आणि तिथंच निम्मे गळतात. ५०एक्स (पन्नास पट तीव्र) टीएई बफरपासून १एक्स अर्धा लिटर कसं बनवाल? १० मिली बफर, ४९० मिली पाणी. १ मोलरचं १०० मिली मिठाचं द्रावण? मिठाचा रेणुभार ५८.४४, म्हणजे ५.८४ ग्रॅम घ्या आणि १०० मिलीपर्यंत पाणी भरा. इथं १०० मिली पाणी 'घाला' म्हणालात तर समोरच्या मॅडम हसून दुसरा प्रश्न विचारतील, कारण मीठही जागा घेतं. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल विचारतात तेव्हा गटाने काय केलं ते सांगू नका. तुम्ही काय केलंत, आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय ठेवला होता, ते सांगा.

हॉस्पिटलच्या मुलाखतीआधी जीसीपी, म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण करून जा. अमेरिकेच्या नायडा या संस्थेचा जीसीपी अभ्यासक्रम ऑनलाइन फुकट आहे, प्रमाणपत्रही मिळतं. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर फुकट शिकता येतो, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी फी. हे दोन केले की बहुतेक जागांसाठी पुरतात. लाखभर रुपये घेऊन 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा डिप्लोमा विकणाऱ्यांकडे जायच्या आधी, तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघांना शोधून फोन करा.

हेही वाचून जा: २०१९चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम. ट्रायलमध्ये पेशंटला गंभीर इजा झाली किंवा त्याला भरती करावं लागलं, तर संशोधकाने २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक (ट्रायल करवणारी कंपनी किंवा संस्था) आणि नैतिकता समितीला कळवायचं असतं. हा प्रश्न येतोच.

६. सही करण्याआधी

सरकारी प्रकल्पातली नेमणूक पूर्णपणे तात्पुरती असते आणि कायम नोकरीचा हक्क देत नाही. हे सगळ्यांनाच लागू आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. प्रकल्पाचे पैसे दिल्लीहून यायला उशीर झाला की पगारही दोन-तीन महिने रखडतो. खोलीचं भाडं भरायचं असेल तर तेवढी शिल्लक गाठीशी ठेवून जा.

खासगीत जास्त जपून. मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेणारे, 'ट्रेनिंग फी' मागणारे, सहा महिने बिनपगारी ठेवून मग 'बघू' म्हणणारे, एका वर्षाच्या कामासाठी दोन वर्षांचा बाँड लिहून घेणारे भेटतील. मूळ प्रमाणपत्र दाखवायचं, द्यायचं नाही. पीएफ कापणार का, नोटिस पिरियड किती, प्रवासखर्च मिळतो का, हे तोंडी नाही, नेमणूकपत्रात हवं. एसएमओत असाल तर एकाच वेळी किती ट्रायल सांभाळायच्या तेही विचारा. नवख्याला दोन पुरेत. पाच-सहा गळ्यात मारणारी जागा शिकवत नाही, पिळून घेते.

७. पहिला महिना

रक्त, नमुने, सुया यांच्या जवळपास काम असेल तर हिपॅटायटिस बीची लस घेतलेली आहे का ते घरी विचारा. नसेल तर लगेच सुरू करा. ती शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन डोसांत असते, म्हणजे नोकरी लागल्यावर सुरू केली तर पहिलं अर्धं वर्ष संरक्षण अपुरंच. सुईला परत टोपण लावू नका. सुया-ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताळलेले बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या-हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात. आणि सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या लागल्या तर दोन तासांत सुरू केलेल्या उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. 'ओरडतील' म्हणून गप्प बसणं हा या कामातला सगळ्यात महाग पडणारा संकोच.

सीआरसी म्हणून पहिल्या महिन्यात जे शिकायचं ते म्हणजे संमती. डॉक्टरांनी अभ्यासाविषयी बोलून एखाद्या पेशंट काकांना तुमच्याकडे पाठवलेलं असतं. ते खुर्चीत बसण्याआधीच पेन मागतात.

"मॅडम, डॉक्टर म्हणाले ना, मग झालं. कुठं सही करू?"

पेन द्यायचं नाही. पेन खिशात, पत्रक त्यांच्या हातात. सोबत मुलगी आली असेल तर तिलाही बसवा. मग सावकाश सांगा: हे औषध अजून तपासायचं आहे, कुणाला कोणतं औषध मिळेल ते संगणक ठरवतो, तुम्ही किंवा डॉक्टर निवडू शकत नाहीत. इतक्या वेळा यावं लागेल, येण्याजाण्याचा खर्च मिळेल. मधेच सोडलंत तरी इथले उपचार बंद होणार नाहीत. मग विचारा, "काका, मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा बरं."

"हेच की मला नवीन औषध मिळणार."

इथं थांबायचं आणि परत सांगायचं. तिसऱ्या वेळी काका म्हणतात, "म्हणजे मला जुनंच मिळू शकतं? आणि मला ते कळणार पण नाही?" मगच पेन. हवं तर घरी नेऊन वाचा, उद्या या, असंही सांगायचं. त्यांनी तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहायची. वाचता येत नसेल तर अंगठा, आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून समोर हवा. सहीची एक प्रत काकांच्या पिशवीत जायलाच हवी.

वेळेचं इतकं महत्त्व का? संमतीवर ११.२० आणि रक्ताच्या नमुन्यावर ११.०५ लिहिलेलं असलं, तर संमतीआधीच पेशंटवर अभ्यास सुरू केला असा त्याचा अर्थ होतो. प्रायोजकाकडून तपासायला येणारा मॉनिटर सगळ्यात आधी हेच दोन आकडे शेजारी ठेवून बघतो. लिहिताना चुकलंच तर व्हाइटनर लावायचा नाही, एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं आणि आजची तारीख. जुनी नोंद वाचता आली पाहिजे. लॅबच्या वहीलाही हाच नियम लागू: शाईचं पेन, पानं फाडायची नाहीत, न जमलेला प्रयोगही लिहायचा.

८. निघताना

जाण्याआधी दीड-दोन महिने सांगा. तुमच्या फ्रीजरमधल्या डब्यांची यादी, प्रोटोकॉल, पेशंटच्या उरलेल्या भेटींचं वेळापत्रक हे पुढच्या माणसाला शेजारी बसून समजावून द्या.

अनुभव प्रमाणपत्रावर पदाचं नाव, कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, प्रकल्पाचं शीर्षक आणि कामाचं स्वरूप एवढं असू द्या. संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. पुढच्या प्रवेशाला गॅपचं (शिक्षणात पडलेल्या खंडाचं) प्रतिज्ञापत्र मागतात तेव्हा हाच कागद सोबत जोडतात. ऑफिसला प्रमाणपत्राचा अर्ज काम सोडण्याच्या दिवशी नाही, महिनाभर आधी द्या, कारण प्रशासनाची फाइल आपल्या गतीने फिरते.

शोधनिबंधात नाव येईल का, हा प्रश्न कामाच्या मधल्या टप्प्यात, शांतपणे विचारा: "सर, या कामात माझं नाव लेखकांत येण्यासाठी मी आणखी काय करायला हवं?" नुसते नमुने गोळा केले तर बहुधा आभारांत नाव येतं. विश्लेषणात आणि लिखाणात हात लावला तर लेखकांत येऊ शकतं. उत्तर काहीही आलं तरी आधीच कळलेलं बरं.

शिफारसपत्र मागताना साहेबांना एका कागदावर तुम्ही काय काय केलंत त्याचे सात-आठ मुद्दे लिहून द्या. त्यांना सगळं आठवत नसतं, आणि 'मेहनती व प्रामाणिक' एवढ्याच पत्राचा कुणाला उपयोग नाही.

शेवटचं काम लॅपटॉपवरचं. पेशंटची नावं, फोन नंबर, तपासण्यांचे फोटो, प्रश्नावल्यांच्या एक्सेल फायली, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले रिपोर्ट, सगळं संस्थेच्या ताब्यात देऊन स्वतःच्या फोनमधून आणि ड्राइव्हवरून काढून टाका. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेली एक फाइलही ठेवू नका. काढून टाकल्याचं तुमच्या साहेबांना ईमेलने कळवा.